एकशे एकचे पडदे

स्वतःच्याच घराच्या दारावर टकटक करून, "हाऊसकीपिंग" असं म्हणून आत शिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे घरमालक होते. आत त्यांची बायको बोंबील साफ करत बसलेली असायची. ती मान वर न करता म्हणायची, "या, कोनी अडवलंय तुमाला?" मग ते आत जाऊन पाणी पिऊन बाहेर यायचे आणि जाताना दार हळूच ओढून घ्यायचे, कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने.

लग्नानंतर आम्ही नवराबायको भुईगावात भाड्याने राहायला गेलो, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसईत रुळांच्या पूर्वेला इमारतींचं पीक आलं होतं आणि पश्चिमेला समुद्राकडे, वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांत, कौलारू घरं अजून शाबूत होती. त्यातल्या एकाच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. पुढचं सगळं घर मालकांचं.

मालकांची सगळी नोकरी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात, हाऊसकीपिंगमध्ये गेली होती. रिटायर होऊन ते गावी आले, पण फक्त देहाने. हॉटेलाची डागडुजी झाली तेव्हा दारांवरचे पितळी आकडे भंगारात निघाले होते. ते त्यांनी पिशवीत भरून आणले आणि घरातल्या दारांवर स्क्रूने बसवले. पुढची खोली एकशे एक. स्वयंपाकघर एकशे दोन. मस्कतला असलेल्या मुलाची बंद खोली एकशे तीन. आम्ही एकशे चार. अंगणातल्या विहिरीला दार नव्हतं म्हणून ती बिननंबरी राहिली. गावात त्यांना सगळे म्यानेजर म्हणत. हॉटेलात ते कधीच मॅनेजर नव्हते, पण गावाला उगाच कशाला निराश करा, म्हणून तेही गप्प बसत. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला आंटी.

खोल्या बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला ओटीवर बसवून विचारलं होतं, "काम काय करतोस?"

मी म्हणालो, "इंटिरियरमध्ये आहे."

माझ्या बायकोने माझ्याकडे वळून बघितलं. लाकडावर चिकटवायचा तो चकचकीत पापुद्रा असतो ना, ज्याला सगळे सनमायका म्हणतात, तसला माल बनवणाऱ्या एका कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात मी नमुन्यांच्या पाठीमागे लेबलं चिकटवायचो. लेबलंसुद्धा कधीकधी वाकडी लागायची. पण 'लेबलं चिकटवतो' असं सांगून घर मिळत नाही.

अंकलचे डोळे लकाकले. "मग लुकबद्दल तुझं काय मत हाय?"

"लुक फार महत्त्वाचा," मी म्हणालो.

"बस. रूम तुझी." आणि त्या दिवसापासून त्यांनी मला 'मिस्टर इंटिरियर' म्हणायला सुरुवात केली, ती अखेरपर्यंत.

लुक हा त्यांचा धर्म होता. म्हणजे रविवारची मिस्सा ते चुकवत नसत, पण मिस्सेहून परतताना चर्चच्या पडद्यांबद्दल काहीतरी बोलल्याशिवाय राहत नसत. "जुनं झालं की झाकायचं नाय, बदलायचं," हे त्यांचं वचन. दुसरं वचन याहून कडक होतं. "ज्या रूमला वर्षानुवर्षं तोच पडदा, त्या रूममध्ये गिऱ्हाईक परत येत नाय." त्यामुळे एकशे एकचे पडदे ते सारखे बदलत. कपाट पूर्वेकडून पश्चिमेकडे जाई, सोफा खिडकीखालून क्रुसाच्या घरगुती वेदीसमोर येई, आणि सकाळी उठून चहाला आलेली आंटी नेहमीच्या जागी बसायला जाऊन जमिनीवर बसे. पाहुणा कुणीही असो, उंबऱ्यावरच त्याला ट्रेमधून कोकमाचं सरबत आणि घडी घातलेला ओला नॅपकिन मिळे. एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाने त्या नॅपकिनने तोंड पुसलं, सरबत प्यायला आणि भारावून मीटर न बघताच गेला.

आंटीचा विरोध मुका होता. अंकलच्या नजरेला जुनी वाटेल अशी प्रत्येक वस्तू ती गुपचूप आपल्या खाटेखाली सरकवायची. पाटा, वरवंटा, कान तुटलेली कढई, आईने दिलेला पितळी दिवा. माझ्या बायकोला ती म्हणाली होती, "ह्या घरात मीच एक जुनी ऱ्हायलेय. बघ हां, एक दिवस तुझा नवरा आनि माझा नवरा मिळून माझ्यावर पन सनमायका मारतील."

"मारू देत की," माझी बायको म्हणाली. "आमच्या ह्यांनी चिकटवलेलं फार दिवस टिकत नाही."

एका संध्याकाळी अंकल एकशे चारच्या दाराशी आले. टकटक केली, पण 'हाऊसकीपिंग' म्हणाले नाहीत. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"पोरगा येतोय," ते खुर्चीत बसत म्हणाले. "कायमचा. मस्कत सोडतोय. लग्न ठरलं त्याचं, बोरिवलीची मुलगी हाय."

"अरे वा," मी म्हणालो.

"पन ऱ्हानार नाय हितं. पूर्वेला, एव्हरशाईनच्या नव्या बिल्डिंगींत फ्लॅट घेनार म्हनतो. बाथरूम घराबाहेर, किचन काळोखी. बोरिवलीची पोरगी हितं कशाला ऱ्हाईल, म्हनाला फोनवर."

बापाने असं ऐकल्यावर काय बोलायचं असतं याची माझ्या मनात एक कल्पना होती. वाडवडिलांचं घर, आजकालची पोरं, वगैरे. मी मान हलवायची तयारीही केली होती. पण अंकल म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. मी गिऱ्हाईक असतो तर मीपन थांबलो नसतो."

"मग आता?"

"भांडून कोन थांबत नाय. रूम चांगली लागते. सांग, त्या फ्लॅटात असं हाय तरी काय?"

ते बघायला आम्ही पुढच्या रविवारी पूर्वेला गेलो. एका नव्या इमारतीचा नमुन्याचा फ्लॅट लोकांना दाखवत होते. अंकलचं म्हणणं, एकट्या म्हाताऱ्याला कुणी मनापासून दाखवत नाही, तेव्हा मी त्यांचा मस्कतचा मुलगा आणि माझी बायको त्यांची सून. माझी बायको त्या भूमिकेत लगेच शिरली. तिने ओट्याची उंची विचारली, पाणी किती वेळ येतं विचारलं, कपडे वाळत कुठे घालायचे विचारलं. मी काळा चष्मा लावून गॅलरीत उभा राहिलो. मस्कतचा माणूस कसा उभा राहतो हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून हात पाठीमागे बांधले.

एजंट जवळ आला. "मस्कतला कुठे असता साहेब? माझा मोठा भाऊ तिथंच आहे."

वसईच्या माणसाला कुठे राहतोस विचारलं की तोंडातून जे आपोआप निघतं, तेच निघालं. "स्टेशनजवळच."

एजंट थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मस्कतला आगगाडीच नाही हे मला घरी परतताना अंकलकडून कळलं.

पण त्या क्षणी अंकलचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. त्यांनी एजंटकडून पेलाभर पाणी मागून घेतलं होतं. ते न पिता ते बाथरूममध्ये गेले, लांबच्या कोपऱ्यात पेला उपडा केला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत राहिले. कुठल्याही बाथरूमची ते हीच परीक्षा घेत. शंभरातल्या नव्याण्णव बाथरूममध्ये पाणी भलतीकडे जातं आणि त्यांचा चेहरा उजळतो. इथे पाणी कुठेही न रेंगाळता सरळ जाळीकडे गेलं आणि दिसेनासं झालं.

"स्लोप बरोबर हाय," ते सरळ होत म्हणाले. दुसऱ्याचं काम चोख निघाल्याचं दुःख मी पहिल्यांदाच कुणाच्या चेहऱ्यावर बघत होतो.

परतताना रिक्षात ते मागे वळून त्या इमारतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्यांच्याकडं सगळं हाय. आपल्याकडं काय हाय?"

मला त्यांना धीर द्यायचा होता. "जागा आहे, अंकल. मोकळं अंगण आहे. फ्लॅटवाल्याला गाडी लावायला अंगण कुठलं?"

"मग दाखव काय करायचं ते," ते म्हणाले. "तू इंटिरियर, हे एक्स्टीरियर. पन चालेल."

मला तिथेच गप्प बसता आलं असतं.

काम सुरू झालं. न्यायाने सांगायचं तर जे अंकलनी स्वतःच्या डोक्याने केलं ते उत्तम झालं. घराच्या आत, एकशे तीनला लागून, नवं बाथरूम आलं. त्याच्या फरशीचा उतार त्यांनी गवंड्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला आणि गवंडी घरी गेल्यावरही पेले ओतत बसले. स्वयंपाकघराची भिंत फोडून मोठी सरकती खिडकी केली, तेव्हा आंटीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या भाताचा रंग नीट बघितला. दुसऱ्या दिवसापासून ती खिडकीशी पाट ओढून तिथे निवडायला बसू लागली. विरोधी पक्षाकडून एवढी दाद पुष्कळ झाली.

जे मी सुचवलं त्याची हकिगत वेगळी. एकशे एकमध्ये मी खोटं छत सुचवलं. ते इतकं खाली आलं की पंखा लावल्यावर खाली उभं राहून कुणाला हात वर करता येईना. मग मी ओटीवरच्या खांबांकडे वळलो. चार खांब, अस्सल सागाचे, अंकलच्या आजोबांच्या वेळचे, तेल पिऊन काळसर झालेले. मी म्हणालो, हे फार जुने दिसतात. कंपनीतून मी उत्तम माल आणला. रंगाचं नाव होतं 'टीक फिनिश'. म्हणजे सागासारखं दिसणारं.

मी खांबाला ते गुंडाळत असताना आंटी उभी राहून बघत होती.

"हे वरचं काय?" तिने विचारलं.

"सागासारखं."

"आनि आतलं?"

"साग."

आंटीने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

आणि मग विहीर. ओटीच्या समोर, अंगणाच्या बरोबर मध्यावर. गाडी आत घ्यायची तर विहीर आडवी यायची. मी कागदावर झोकात आकृती काढली. विहिरीवर स्लॅब, स्लॅबवर टाइल्स, टाइल्सवर कुंड्या, बाजूने गाडी. पाण्याचा पंप आत तसाच राहील, दुरुस्तीसाठी एका बाजूला लोखंडी झाकण. अंकलना आकृती आवडली. लग्न तर हॉलमध्ये व्हायचं होतं, घराशी काय काम? एवढं बोलणं झाल्यावर आंटी तिथून उठली. विहिरीवरची जुनी लाकडी कप्पी तिने स्वतः काढली, जुनेरात गुंडाळली आणि खाटेखाली सरकवली. आम्हाला वाटलं, नेहमीचंच.

नाताळ झाल्यावर मुलगा मस्कतहून आला आणि एका रविवारी मिस्सेनंतर नवऱ्या मुलीला घेऊन घर दाखवायला आला. त्याच्या पुढच्या रविवारी फ्लॅटचं बुकिंग करायचं ठरलेलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. अंकलनी गळ्याला हॉटेलातला काळा बो बांधला होता. उंबऱ्यावर सरबत झालं, नॅपकिन झाला. मुलगी हसली, पण मजेने, टर उडवल्यासारखी नव्हे. बोरिवलीकडच्या एका जुन्या गावठाणातली ती. त्या गावठाणाला आता चारही बाजूंनी इमारतींनी गिळलं होतं.

"अंकल, हे तर डिट्टो हॉटेल आहे," एकशे एकमध्ये शिरताना ती म्हणाली. अंकलची छाती इंचभर पुढे आली.

बाथरूममध्ये तिने नळ सोडला, थोडा वेळ फरशीकडे बघितलं. "पाणी कुठेच थांबत नाही. आमच्याकडे वायपर हातात घेऊनच आंघोळ करावी लागते." अंकलनी माझा दंड दाबला. अजून दुखतो. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी तिने आंटीबरोबर बसून वाटाणे सोलले. मुलगा हे सगळं दारात उभा राहून बघत होता आणि एव्हरशाईनचं नाव काढत नव्हता. सामना आम्ही जिंकल्यातच जमा होता.

मग ती ओटीवर आली. खांबावरून हात फिरवून तिने विचारलं, "हे प्लॅस्टिक आहे का?"

"टीक फिनिश," मी म्हणालो. कुणी दुजोरा दिला नाही.

ती अंगणात उतरली. आजूबाजूला बघितलं. "आणि विहीर कुठेय? हा म्हणाला होता, घरासमोर विहीर आहे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. कारण मी कुंड्यांच्या मध्ये, बरोबर विहिरीवर उभा होतो. मी बाजूला सरकलो, जणू काही पायाखाली सापडेल.

"काय झालं?" ती म्हणाली. "विहीर तर पाहिजेच. लग्नाचं पाणी कुठून आणणार?"

जे वसईचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मलाही तेव्हाच कळलं. इथल्या गावांतल्या ख्रिस्ती लग्नांत आदल्या दिवशी बायका नटूनथटून, बँड लावून, वाजतगाजत विहिरीवर जातात, कळश्या भरून आणतात आणि त्या पाण्याने नवऱ्याला किंवा नवरीला आंघोळ घालतात. हॉल कितीही मोठा घेतला तरी हे घरीच व्हायचं असतं, आणि विहिरीवरूनच.

"आमची विहीर बुजवली," ती मुलगी सांगू लागली. "तिच्यावर पार्किंग आहे. माझ्या दीदीच्या लग्नात आम्ही बँड घेऊन बिल्डिंगच्या टाकीच्या नळावर गेलो. वॉचमन धावत आला नि विचारतो, टँकर आला काय? दीदी रडत होती की हसत होती, कळेना. मी तेव्हाच ह्याला म्हटलं होतं, तुझ्याकडे विहीर आहे ना, मग माझंही पाणी तिथूनच नेणार."

आंटी ओटीच्या पायरीवर बसून जमिनीकडे बघत होती. अशा वेळी शहाणा माणूस गप्प राहतो. मी म्हणालो, "तसं काही अडत नाही. हे लोखंडी झाकण उघडलं की कळशी आत सोडता येते." आणि वाकून ते झाकण उचलून दाखवलं.

मुलीने आत डोकावून बघितलं. "म्हणजे गटारातून काढल्यासारखं?"

मी झाकण परत ठेवलं.

अंकलनी घसा साफ केला. बो सारखा केला. आणि हॉटेलात ज्या सुरात त्यांनी आयुष्यभर बंद लिफ्टबद्दल आणि गळक्या शॉवरबद्दल सांगितलं असेल, त्याच सुरात म्हणाले, "विहीर सध्या अंडर रिनोव्हेशन हाय. लग्नाआधी रेडी होईल."

"पपा," मुलगा म्हणाला, "पण पुढच्या रविवारी बुकिंग..."

"ते राहू दे रे," मुलगी म्हणाली. "लग्न होऊ दे आधी. फ्लॅट काय पळून जात नाही. विहीर होईल ना नक्की?"

"गेस्टला दिलेली तारीख आमी पाळतो," अंकल म्हणाले.

लग्न ईस्टरनंतर होतं. मधला सगळा उपवासकाळ लग्नं बंद, बँड बंद, त्यामुळे अंगण मोकळं होतं. स्लॅब फोडायला गवंडी आला तेव्हा पहिला घाव मी घालणार असा मी हट्ट धरला. ज्याने सुचवलं त्यानेच मोडावं, असं काहीतरी उदात्त मनात होतं. मी घण डोक्यावर नेला, गवंड्याने "सायेब, दांडा ढिला हाय" असं म्हणेपर्यंत जोरात खाली आणला. दांडा माझ्या हातात राहिला. लोखंड एकशे एकच्या खिडकीची काच फोडून आत गेलं.

अंकल काचेकडे बघून शांतपणे म्हणाले, "मिस्टर इंटिरियर, तू आत जाऊन चहा पी."

विहीर उघडली. आत आकाशाचा गोल तुकडा पुन्हा दिसू लागला, तेव्हा गल्लीतली माणसं जाताना थांबून डोकावून जाऊ लागली. पण तुम्हाला जर वाटत असेल की अंकलनी विहीर होती तशी परत केली, तर तुम्ही अंकलना ओळखलंच नाही. त्यांनी काठाला निळ्या टाइल्स लावल्या. वर स्टीलची जाळी केली, उघडझाप करणारी. पाणी उपसताना सांडलेलं पाणी पायाशी साचू नये म्हणून सभोवार फरशीला उतार दिला आणि पेले ओतून तपासला. स्टीलची नवी कप्पीही आणली. ती लावायला ते वर चढले तेव्हा आंटी बाहेर आली. तिच्या हातात जुनेरात गुंडाळलेली ती जुनी लाकडी कप्पी होती.

"ही लावा," ती म्हणाली.

"ती जुनी झाली."

"मीपन झाले."

अंकल वरून खाली बघत राहिले. मग त्यांनी नवी कप्पी खिशात घातली आणि जुनीसाठी हात खाली केला. लावण्याआधी मात्र तिला पॉलिश केलं. तेवढी सवलत आंटीने दिली. शेवटी त्यांनी काठावर पितळी आकडे बसवले. एकशे पाच.

पाण्याचा दिवस मला चांगला आठवतो, कारण विहिरीवर प्रकाश पाडायचं काम माझ्याकडे होतं. बायका रंगीत लुगड्यांत ओळीने आल्या, बँडवाल्यांनी सूर लावला, आंटीने पहिली कळशी आत सोडली आणि मी हॅलोजनचं बटण दाबलं. आख्ख्या गल्लीचे दिवे गेले. बँडवाले थांबले नाहीत. अजून पुरती संध्याकाळ झाली नव्हती, समुद्राच्या बाजूला उजेड होता, त्या उजेडात कप्पी कुरकुरत फिरत राहिली. दोन कळश्या, तोंडाला पांढरी फडकी बांधून, टेम्पोतून बोरिवलीला रवाना झाल्या. त्या सांडू नयेत म्हणून मांडीत धरून बसायचं काम कुणाला द्यायचं यावर विचार चालू होता. माझं नाव निघालं तेव्हा सगळे एकदम दुसऱ्या विषयाकडे वळले.

लग्न झालं. नवी जोडी एकशे तीनमध्ये राहायला आली. पण फ्लॅटचं बोलणं संपलं नव्हतं, नुसतं लांबलं होतं. "पावसाळ्यात कसं वाटतं ते बघू, मग ठरवू," असं मुलगा म्हणाला होता. पावसाळ्यात भुईगाव कसं असतं हे त्याला माहीत होतं, सुनेला नव्हतं. अंकलना हे शब्द लागले होते. रोज सकाळी ते एकशे तीनच्या दारावर टकटक करून विचारायचे, "एनी कम्प्लेंट?"

"काही नाही पपा," ती आतून म्हणायची.

अंकल माझ्याकडे येऊन चिंतेने बसायचे. "कम्प्लेंट करत नाय रे."

"मग चांगलंच आहे की."

"तुला धंदा कळत नाय. जे गिऱ्हाईक कम्प्लेंट करतं ते परत येतं. जे गोड हसून जातं, ते परत तोंड दाखवत नाय."

पाऊस पडू लागला. गल्लीत घोटाभर पाणी, कपडे वाळेनात, भिंतींना ओल. आणि माझ्या कंपनीचा माल खांबांवरून सुटू लागला. आधी फुगे आले, मग कडा उचलल्या, मग एका दमट दुपारी एक अख्खा पापुद्रा स्वतःहून सुटून ओटीवर आडवा झाला. मी डिंकाचा डबा घेऊन धावलो. सून बाहेर आली, म्हणाली, "थांबा ना, राहू दे." आणि तिने दुसऱ्या खांबावरच्या पापुद्र्याची कड नखाने धरून खालपर्यंत ओढली. केळ्याची साल निघावी तसा तो निघाला. आतून साग बाहेर आला, काळसर, गुळगुळीत. पुढच्या रविवारी आलेल्या पाहुण्यांनी खांबांचं कौतुक केलं तेव्हा अंकल म्हणाले, "नवीन लुक हाय. सध्या हाच चालतो." माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. माणूस मोठ्या मनाचा होता.

पण ओटीवरचे खांब सुनेला आवडले म्हणून ती राहीलच असं काही नव्हतं. मुलाला मुंबईत नोकरी लागली होती आणि तो ऑफिसातून परतताना अधूनमधून पूर्वेला इमारती बघून येत होता. अंकल रोज थोडे कमी बोलत. पडदे बदलण्याची वेळ उलटून गेली तरी त्यांनी बदलले नाहीत. "कुनासाठी बदलू?" असं ते एकदा म्हणाले, आणि पडद्यांबद्दल असं त्यांच्या तोंडून ऐकून मी घाबरलो.

एक दिवस पावसाने उघडीप दिली होती. अंकल बाजाराला गेले होते. परत आले ते एकशे एकच्या दारात. सवयीने टकटक केली, 'हाऊसकीपिंग' म्हणाले, आत पाऊल टाकलं आणि तसेच उभे राहिले. मी अंगणात, विहिरीपाशी उभा राहून बघत होतो. मासळीची पिशवी त्यांच्या हातातून ठिबकत होती.

खोलीचा नकाशाच बदलला होता. सोफा खिडकीखाली, कपाट आतल्या भिंतीला. आणि खिडक्यांना नवे पडदे, पिवळसर, पातळ, कडेला हाताने घातलेली शिवण थोडी वाकडी. सून स्टुलावर चढून शेवटची कडी अडकवत होती.

"पपा, तुम्हाला विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "पण ते जुने मला बघवेनात. किती दिवस तेच तेच."

अंकलनी पिशवी आंटीच्या हातात दिली आणि माझ्या मागोमाग एकशे चारच्या दाराशी आले. टकटक केली नाही. सरळ आत येऊन खुर्चीत बसले. मला वाटलं, आता भडका उडणार. आपल्या एकशे एकमध्ये दुसऱ्या कुणी कपाट हलवलं तर अंकलचं काय होईल, याची आम्ही कधी कल्पनाच केली नव्हती.

"पडदे बदलले तिनं," ते म्हणाले.

"बघितलं मी. रंग वाईट नाही तसा."

"रंग भयंकर हाय. शिवण वाकडी हाय." ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, बाथरूमच्या फरशीकडे बघतात तसे माझ्या फरशीकडे बघू लागले. "आख्खी नोकरी हॉटेलात गेली माझी. गिऱ्हाईक टॉवेल पळवतं. गिऱ्हाईक चादर जाळतं. पन एक सांगतो तुला, पडदे कुठलं गिऱ्हाईक बदलत नाय. पडदे घरचा मानूस बदलतो."

बाहेर आंटी सुनेला कोळंबी निवडायला हाका मारत होती आणि सून "आले, आले, एक कडी राहिली" म्हणत होती.

अंकल उठले. "स्क्रू-ड्रायव्हर हाय काय रे?"

मी काढून दिला. त्यांनी त्या दुपारी सगळ्या दारांवरचे पितळी आकडे काढले. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. आमच्या दारावरचे मात्र राहू दिले, आम्ही भाडेकरू होतो. आणि विहिरीचेही, कारण ते सुनेने काढू दिले नाहीत. दारांवर स्क्रूंची बारीक भोकं राहिली होती. मी विचारलं, "अंकल, कंपनीत लाकडी रंगाचा छान तुकडा आहे, त्याने झाकू का?"

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात परत ठेवला, माझा खांदा थोपटला आणि म्हणाले, "तू आत जाऊन चहा पी."